जिवंत बापाचं प्रतिज्ञापत्र

धानाच्या पाण्यावरून भांडण पेटलं आणि मुखरू मेश्रामनं चुलतभावाच्या डोक्यात फावडं घातलं. भाऊ जागीच गेला. मुखरूला जन्मठेप झाली. मुखरूची मुलगी मनकर्णा तेव्हा नागपूरला एम.एस्सी. करत होती. पुढे अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं तिला शिष्यवृत्ती दिली. व्हिसाच्या अर्जात वडिलांविषयी विचारलं होतं. खुन्याची मुलगी म्हणून परत पाठवतील या भीतीनं तिनं 'मयत' लिहून टाकलं.

मुंबईच्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यानं अर्जासोबत जोडलेले शेताचे कागद चाळले. सातबारा अजून मुखरूच्याच नावावर होता. त्यानं मृत्यूचा दाखला मागितला. मनकर्णाकडे तो नव्हता. अर्ज नामंजूर झाला.

विद्यापीठानं जागा वर्षभर राखून ठेवली. १९८५च्या उन्हाळ्यात पुन्हा अर्ज करताना तिनं खरं लिहायचं ठरवलं. त्यासाठी बापाचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. आपल्या गावाहून, कुरखेड्याहून, एस.टी.नं ती चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, तुरुंगात बापाला भेटायला आली.

"बा, मी मागच्या अर्जात तुले मेला म्हून लिहिलं."

मुखरूनं जाळीत बोटं अडकवली.

"कशानं मेलो?"

"तापानं."

"मंग राहू दे ना तसंच. कायले खोदून राह्यली?"

"खोटं हाय थे."

"तुले तिकडं जायचं हाय का खरं बोलाचं हाय?"

"दोन्ही."

मुखरूनं मान हलवली. जेलरसमोर त्यानं वाकडीतिकडी सही केली.

मुंबईत तोच अधिकारी होता. त्यानं सगळं सावकाश वाचलं. "आधी खोटं का लिहिलंत?"

"लाज वाटत होती."

"आज खरं सांगितलंत, हे बरं केलंत. पण मागचं खोटं आमच्याकडे नोंदलेलं आहे. ते मला पुसता येत नाही." त्यानं व्हिसा न देताच पासपोर्ट परत सरकवला.

बापाला हे सांगायला ती चांद्याला गेली.

"माह्यामुळं झालं," मुखरू म्हणाला.

"नाई बा. मी खोटं लिहिलं म्हून."

त्याला ते पटलं नाही. पुढच्या भेटीला तो बाहेर आलाच नाही. शिपाई म्हणाला, "येत नाही म्हणते, बाई. काय करू?" त्यानंतरही तसंच झालं. मनकर्णा कुरखेड्याच्या एका शाळेत शिकवू लागली होती. रजा काढून ती येत राहिली.

दिवाळीनंतर मुखरू जाळीशी आला. गालफडं बसली होती.

"तू इथी येत नोको जाऊ. शाळेत काय सांगतेस?"

"बाप तुरुंगात हाय म्हून सांगतो."

"मंग?"

"दोघी बाया माह्याशी बोलत नाई. एकीनं तिच्या पोरीले माह्या वर्गातून काढलं."

भेटीची वेळ संपली.

"मी पुढच्या महिन्यात येतो, बा."

या वेळी त्यानं 'नोको' म्हटलं नाही. शिपायामागून आत निघून गेला.