एकोणपन्नास सामन्यांची लिओनी

"पळून दाखव." लिओनी वेला म्हणाली.

"दुखतंय गं." इमोजेनने मांडीच्या मागे हात लावला.

"कुठली? डावी का उजवी?"

"उजवी."

"मग डावी कशाला धरून बसली आहेस?"

इमोजेनने घाईघाईने हात बदलला आणि लिओनीने कपाळावर हात मारून घेतला. एकोणीस वर्षांची ही पोरगी. हवेत उंच उडी मारून ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा तो लंबगोल चेंडू झेलण्यात सबंध मागच्या फळीत हिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण खोटं बोलण्यात अगदीच कच्ची. संघातला शेवटचा बदल कळवायला पंधरा मिनिटं उरली होती. ड्रेसिंग रूममध्ये बाकीच्या मुली घोट्यांना पट्ट्या बांधून घेत होत्या आणि या दोघींकडे बघत नव्हत्या. इतक्या ठरवून बघत नव्हत्या, की लिओनीला संशय आला.

लिओनी आज राखीव होती. मागचे पाच आठवडेही राखीवच. म्हणजे काय, तर सगळ्यांबरोबर यायचं, जर्सी घालायची, सगळ्यांबरोबर घाम निघेस्तोवर पळायचं, आणि मग प्रशिक्षक ब्रेडनने येऊन म्हणायचं, "थँक्स लिओनी, आज लागणार नाहीस." की जर्सी उतरवून खेळणाऱ्यांना पाणी न्यायचं. दर आठवड्याला नटूनथटून लग्नाला जावं आणि पंगतीत न बसता वाढायला उभं राहावं, असला प्रकार.

हा ब्रेडन तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. सोमवारी खोलीत बोलावून त्याने सांगितलं होतं, की पुढच्या मोसमाचा करार मिळणार नाही. "क्लब नव्या दिशेने जातोय," म्हणाला. लिओनी पोटापाण्यासाठी प्लंबरचं काम करायची. कुठल्या घरातलं पाणी कुठल्या दिशेने जातं हे तिला भिंतीला कान लावून कळायचं. क्लब कुठे चालला होता ते मात्र तिच्या डोक्यात शिरेना.

आजचा सामना मोसमातला शेवटचा. तिचे झाले होते एकोणपन्नास. पन्नास झाले की या क्लबात खेळाडूचं नाव तिच्या लॉकरच्या दारावर रंगवतात, आणि ती सोडून गेली तरी ते पुसत नाहीत. नंतर तो लॉकर ज्या मुलीला मिळेल, तिने ते नाव वाचायचं. लिओनी सगळ्यांना सांगत असे, की मला त्याचं काही नाही. पण होतं. गेले पाच आठवडे दार उघडताना तिची नजर त्या कोऱ्या पत्र्यावर जायची आणि तिला स्वतःचाच राग यायचा.

राग यायला कारणंही कमी नव्हती. लहानपणी मेलबर्नच्या या पश्चिम भागात ती पोरांच्या संघात खेळायची आणि पोरांना लोळवायची. चौदा पुरी झाली तेव्हा नियम दाखवून सांगितलं, आता मुलींना पोरांबरोबर चालत नाही, घरी जा. मुलींचा संघ? तो नव्हता. मग नळकाम शिकली, रविवारी मोठ्या बायकांबरोबर चिखलाच्या मैदानांवर खेळली, कपडे व्हॅनमध्ये बदलले. बायकांची मोठी लीग सुरू झाली तेव्हा पंचवीस वर्षांची होती. त्यानंतर गुडघ्यापायी दीड मोसम गेला. आता तेहेतीस, आणि पुन्हा तेच: वय झालं, घरी जा. या लोकांचं नेमकं म्हणणं तरी काय होतं? तिने खेळायचं कधी?

"हे कोणी शिकवलं तुला?" तिने इमोजेनला विचारलं.

"कुणी नाही."

"इमोजेन."

"तुझ्या आईने." इमोजेन पुटपुटली. "गुरुवारी सरावानंतर थांबल्या होत्या बाहेर. पास्तित्सी घेऊन आल्या होत्या."

"किती?"

"चार डझन."

"आणि तुम्ही सगळ्या बसून खाल्ल्या?"

"गरम होत्या गं," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

लिओनीने हात टेकले. तिची आई कारमेन माल्टाहून आलेली. रिकोटा चीज भरून तिने केलेल्या पास्तित्सी, म्हणजे तिकडच्या खुसखुशीत करंज्याच, खाऊन तिला नाही म्हणणारा माणूस अजून कोणी पाहिला नव्हता. लग्न जुळवण्यापासून पालिकेतला कागद हलवण्यापर्यंत ती हेच हत्यार वापरायची.

कर्णधार ब्रॉन्विन जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "घे ना गं. आपण काही पुढच्या फेरीत जात नाही आता. हिचा एक सामना जाईल, त्याचं काय एवढं? तुझे पन्नास होतील. आम्हा सगळ्यांना तेच हवंय."

खरं सांगायचं तर लिओनीला त्या क्षणी ते नाव हवं होतं. फार हवं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी सगळं आपोआप झालं असतं.

"हिचा करार किती वर्षांचा आहे?" तिने विचारलं.

"एका वर्षाचा," इमोजेन म्हणाली.

"मग? डॉक्टरच्या कागदावर एकदा 'मांडीचा स्नायू' असं लिहिलं गेलं की जन्मभर चिकटतं ते. माझा गुडघा बघ. बरा होऊन चार वर्षं झाली, तरी हे लोक माझ्याशी बोलताना आधी गुडघ्याकडे बघतात. उद्या तुझा करार संपला की म्हणतील, चांगली आहे, पण पाय नाजूक. पास्तित्सी खाऊन करिअर विकतेस होय गं, गाढवे?"

इमोजेनच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण मला वाटलं, तुला आनंद होईल."

"तोच तर वैताग आहे," लिओनी म्हणाली. "झालाच असता."

तेवढ्यात हातात यादी घेऊन ब्रेडन आला. "इमोजेन, पायाचं काय म्हणतेस?"

इमोजेनने लिओनीकडे पाहिलं.

"काही नाही झालेलं," लिओनी म्हणाली. "घाबरली होती. मी बघितलंय, ठणठणीत आहे. घ्या तिला."

"नक्की?"

"किती वेळा सांगू?"

"बरं. मग लिओनी, थँक्स, आज—"

"माहीत आहे," म्हणत तिने जर्सी डोक्यावरून ओढून काढली.

त्या दिवशी इमोजेन अशी खेळली, की प्रतिस्पर्ध्यांची आघाडीची फळी रडकुंडीला आली. पाण्याच्या बाटल्या घेऊन धावताना लिओनी तिच्यावर ओरडत राहिली. "उजवीकडे बघ! अगं बावळट, मागे आहे ती!" चार गुणांनी सामना जिंकला. नंतर मुलींनी रिंगण केलं, लिओनीला आत ओढलं, आणि क्लबचं गाणं तिने बेंबीच्या देठापासून म्हटलं, कारण हळू म्हणाली असती तर आवाज फुटला असता.

कारमेन व्हॅनपाशी उभी होती. मुलीला बघताच तिने तोंड सोडलं.

"चार डझन! पहाटे उठून लाटल्या मी. मूर्ख कार्टी."

"आई, लाज नाही वाटली तुला? एका पोरीला खोटं बोलायला शिकवतेस?"

"नाही वाटली. चौदा वर्षांची होतीस तेव्हा तो टाय घातलेला माणूस आपल्या दारात येऊन म्हणाला, हिला उद्यापासून पाठवू नका. मी काय केलं? हो साहेब म्हटलं, आणि त्याला कॉफी करून दिली. तू आतल्या खोलीत रडत होतीस आणि मी त्याला साखर किती घालू ते विचारत होते." कारमेनने नाक पुसलं. "या वेळी म्हटलं, गप्प नाही बसायचं."

लिओनीने व्हॅनचं दार उघडलं, पुढच्या सीटवरचे पाने-पकडी आणि पाइपचे तुकडे मागे टाकले आणि आईला आत बसवलं. मग गाडी घराच्या रस्त्याला लावली. सिग्नलला गाडी थांबली.

"मंगळवारी संध्याकाळी जेवायला येते तुझ्याकडे," लिओनी म्हणाली.

"मंगळवारी कशी येशील? मंगळवारी तर तुझा सराव—" कारमेन म्हणाली आणि थांबली.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

"ये," कारमेन म्हणाली. "लवकर ये. सहालाच ये."