पागोळीची हद्द

जिजाने पहिलाच घाव असा घातला की कुदळीचं अर्धं पातं मातीत रुतलं. दोन घरांमधली ती दोन हात रुंदीची पट्टी आजवर कुणी खणली नव्हती. पलीकडच्या ओट्यावर तिचा धाकटा दीर वाल्मिक बसला होता. हातातला चहा निवला तरी कप तसाच.

"वयनी, जरा हळू. माझ्या भिंतीला हादरा बसंल."

"तुमची भिंत पक्की हाय, भावजी. कच्ची आमची."

लोधिवलीच्या या आळीत रिवाज असा, की ज्याच्या छपराची पागोळी जिथे पडते तिथवर त्याची हद्द. कागद काहीही म्हणोत. वाल्मिकच्या कौलांवरचं पाणी या पट्टीत पडे, चढावरचंही तिथेच उतरे, सगळं जिजाच्या परसात येऊन तुंबे, आणि तिच्या मागच्या खोलीची मातीची भिंत आषाढापासून नवरात्रापर्यंत ओली राही. नऊ वर्षांपूर्वी त्याच खोलीत तिचा नवरा खोकत पडला होता. तेव्हा ती वाल्मिककडे गेली होती. एक चर मारू द्या, पाणी नाल्याला लागेल, एवढंच मागणं.

"माझ्या पागोळीखालची माती हलवायची नाय," तो म्हणाला होता. पानाला चुना लावता लावता, मान वर न करता. मागणं सख्ख्या भावासाठी होतं, तरी. पंधरा दिवसांनी त्याच भावाला खांदा द्यायला मात्र सगळ्यांत पुढे.

जिजा भांडली नाही. ती गोड बोलू लागली, आणि जिजा गोड बोलू लागली की आळीतली शहाणी माणसं दोन पावलं मागे सरत. वाल्मिक त्या शहाण्यांत नव्हता. पुढे त्याच्या घरात सून आली, तेजश्री. तिला ती गरम घावन नेऊन द्यायची आणि घावनाबरोबर चौकातल्या कुणाच्या तरी नव्या छपराचं कौतुक.

"निळा पत्रा काय दिसतो गं! कडेनं पन्हळ, पाणी सरळ टाकीत. धुणंभांडी त्यातच. तुझ्या सासऱ्यास्नी काय कमी हाय?"

पेरलेलं उगवायला तीन पावसाळे गेले. या वैशाखात वाल्मिकने कौलं उतरवली, निळा पत्रा चढवला, कडेला पन्हळ बसवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टाकी दाखवू लागला. बघायला जिजाही गेली. तिने तर टाकीचं झाकणही उघडून पाहिलं.

मग आषाढातल्या भर पावसात तिने आळीतले चार जाणते बोलावून पट्टीत उभे केले.

"भावजी, तुमची पागोळी कुठं पडते, दावा जरा."

वाल्मिकने वर पाहिलं. पत्र्याचं सगळं पाणी पन्हळीतून खळखळत टाकीत चाललं होतं. चौघांपैकी एकाने तोंड फिरवून हसू दाबलं. न्याय तिथेच झाला.

म्हणून उघडीप मिळताच आज ही कुदळ. संध्याकाळपर्यंत गुडघाभर खोल चर नाल्याला भिडला. वाल्मिक ओट्यावरून उठला नाही.

पुढे तीन दिवस झड लागली. चर दुथडी वाहिला, परसात ओंजळभर पाणी साचलं नाही. चौथ्या दिवशी जिजा मागच्या खोलीत गेली आणि तिने भिंतीला तळवा टेकवला.

ओली. कमरेपासून खाली, दर वर्षी असते तितकीच.

ती खाली बसली. खुरप्याने भिंतीकडेची जमीन उकरली. वीतभरही खोल गेली नसेल, तोच खळग्यात पाणी चढलं. निवळ, गार. तिने ओंजळीने उपसलं, पुन्हा चढलं. भाताच्या खाचरात जमिनीखालून असे उपळे, झरे फुटताना तिने जन्मभर पाहिले होते. आपल्याच घराच्या पोटात एक असेल, हे कधी मनाला शिवलं नव्हतं. पट्टीत दहा चर मारले असते तरी ही भिंत अशीच राहिली असती. नऊ वर्षांपूर्वीही.

"वयनी?"

परसदारात वाल्मिक उभा होता. भाऊ गेल्यापासून त्याने हा उंबरा ओलांडला नव्हता. आजही बाहेरच थांबला. जिजाने उठता उठता पायाने गोणपाट खळग्यावर सारलं आणि ती भिंतीला टेकली.

"चर चांगला चाललाय," तो म्हणाला.

"चाललाय."

तो घुटमळला. मिटलेली छत्री त्याने या हातातून त्या हातात घेतली.

"नऊ वर्सं मनाला एकच सांगतो, वयनी. पाणी दुसरीकडनं येत असंल. खालनंबिलनं. दादा काय माझ्या पाण्यापायी गेला नाय." त्याने मागे वळून चराकडे पाहिलं. "आता पागोळी बी नाय, चर बी हाय. भिंत... भिंत वाळली का वो?"

जिजाच्या पाठीला गारवा लागला. पोलकं हळूहळू अंगाला चिकटत होतं. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या दिवशी पानावरून मान वर न केलेला तो चेहरा आज पुरता वर होता.

"वाळली, भावजी," ती म्हणाली. "ठणठणीत."

वाल्मिकने मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. मग वळला आणि छत्री न उघडताच पावसात उतरला. तो आपल्या ओट्यावर चढेपर्यंत जिजा भिंतीपासून हलली नाही.