साफ जळणारी बारूद

आमच्या खोऱ्यात कोणी कोणाच्या हातची काडतुसं मारत नाही. शेजाऱ्याच्या घरचं जेवतील, शेजाऱ्याच्या बायकोबरोबर नाचतील, पण त्याने घरी भरलेलं काडतूस आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालणार नाहीत. दुकानातलं चालतं, नाहीतर स्वतःच्या हातचं. त्यात कोणी अपमान मानत नाही. हात दुसऱ्याचा चुकतो आणि बोटं आपली जातात.

फक्त आमच्या घरात तसं नव्हतं. माझा नवरा एमॉस खाणीतून शेवटचा वर आला त्या वर्षापर्यंत माझ्याच हातची मारत होता. मग मुलगा व्हर्लिन, सून ग्लेंडा, नात रोना. गॅरेजवाल्याकडून टायरची जुनी शिशाची वजनं आणायची, वितळवायची, गोळ्या ओतायच्या, त्यांना मेण लावायचं, बारूद भरायची, सगळं मी. मागच्या खोलीतलं टेबल आणि त्यावरचा काडतुसं भरायचा प्रेस माझा. शाळेत मी चौथीच्या पुढे गेले नाही, पण नेमबाजीच्या क्लबात सगळ्या वेस्ट व्हर्जिनियातून लोक यायचे आणि म्हणायचे, डेल्फीबाईंच्या घरात चौघं एका हातची मारतात. तेवढं मला पुरे होतं.

व्हर्लिनला ते टेबल माझ्याकडून काढून घ्यायचं होतं. कारण माझे डोळे. उजव्यात पडदा आणि डाव्यात मधोमध धुकं. माणूस मी आता चालीवरून ओळखते, तोंड दिसत नाही. ग्लेंडाच्या बाबतीत तो फायदाच आहे.

निमित्त रोनाचं झालं. वीस वर्षांची पोर, काउंटीत तिच्यासारखा नेम कोणाचा नाही. शरद ऋतूतल्या सामन्यात तिच्या रिव्हॉल्व्हरचं चाक शेवटच्या फैरीत अडलं. माझ्या जुन्या बारुदीचे न जळलेले दाणे चाकाखाली जाऊन बसले होते. वसंतात राज्याचा सामना होता.

"आजी, बारूद बदल," ती म्हणाली. "हात बघ माझे. कोळसा उपसल्यासारखे झालेत."

"तुझ्या आजोबांचे रोज तसे असायचे. ते रडले नाहीत."

"ते सामना हरत नव्हते."

पोर माझीच आहे. मी व्हर्लिनला सांगितलं, तीन प्रकारच्या बारुदीच्या बाटल्या घेऊन ये.

अंगणात दोन खुर्च्यांना उशीचा पांढरा अभ्रा ताणून बांधला आणि प्रत्येक बारुदीची पाच-पाच काडतुसं त्याच्या वरून झाडायला लावली. जे जळत नाही ते अभ्र्यावर पडतं. मला दिसत नाही तर मी तळवा फिरवला. पहिल्या बारुदीचे दाणे हाताला मिठासारखे लागले. हळू पेटणारी होती ती. आमची गोळी हलकी, दाब कमी, त्यात ती ओल्या लाकडासारखी अर्धी कच्चीच राहणार. दुसरीचे थोडे लागले. तिसरीनंतर अभ्रा धुतल्यासारखा होता.

"हीच," मी म्हटलं.

"आई, दुसरी घेऊ," व्हर्लिन म्हणाला. "दुसरीही बऱ्यापैकी साफ आहे. आणि ती फुगीर आहे. चुकून दोनदा पडली तर काडतुसाच्या पुंगळीतून बाहेर सांडेल, हाताला कळेल. ही तिसरी बघ, एवढीशी लागते. पुंगळीच्या बुडात बसते. दोनदा पडली तरी वरून काही दिसणार नाही."

"तुला दिसणार नाही."

"तुलाही नाही दिसणार, आई. तेच सांगतोय."

ग्लेंडा व्हरांड्यातून म्हणाली, "आई, तुम्हाला राग येतो, पण यात कोणाचा तरी हात जाईल."

"तुझ्या भाजीत मीठ दोनदा पडतं ते तुला कळत नाही, गं. बारूद मला कळेल."

त्या दोघांनी एवढं अडवलं नसतं तर मी कदाचित दुसरी घेतलीही असती. तिसरी घेतली.

मी मूर्ख नाही. स्वेटर विणायची एक लाकडी सुई घेतली. बारूद बरोबर भरलेल्या पुंगळीत उभी सोडली आणि काठाशी जिथे आली तिथे चाकूने खाच पाडली. मग प्रत्येक भरलेल्या पुंगळीत सुई सोडायची आणि अंगठ्याने खाच चाचपायची. काठाशी लागली तर ठीक, वर राहिली तर बारूद दोनदा पडलेली, आत बुडाली तर पडलेलीच नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या टेबलावर मी काय करते ते माझं मला.

रविवारी क्लबाचा सामना होता, राज्याच्या आधीचा शेवटचा. त्या आठवड्यात मी रोनाचा काडतुसांचा डबा भरायला बसले. फळीच्या भोकांत पुंगळ्या उभ्या केल्या, सगळ्यांत बारूद घातली, सुईने एकेक तपासली. तेवढ्यात व्हर्लिन आला. कॉफी मागितली. चुलीवर घेवडा शिजत होता, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, आणि तिथून मला माझ्या बारूद मोजायच्या यंत्राचा दांडा ऐकू आला. एकदा खाली, एकदा वर.

माझे डोळे गेलेत. कान शाबूत आहेत.

मी कॉफी आणून दिली. ती पिऊन, ढेकर देऊन तो सिगरेट ओढायला व्हरांड्यात गेला. मी सुई घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून निघाले. तिसऱ्या रांगेत एका पुंगळीत सुई उंच उभी राहिली.

म्हणजे माझी परीक्षा. मी त्यावर गोळी बसवणार, मग हा ते काडतूस बाहेर काढणार, ग्लेंडाच्या पुढ्यात फोडणार, दुप्पट बारूद टेबलावर ओतणार आणि म्हणणार, बघा. टेबल गेलं. पोटच्या पोराने आईच्या टेबलावर ते करून ठेवलं होतं. मला राग आला नाही. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली. ती पुंगळी मी यंत्रात उलटी केली, दारात त्याचे बूट वाजले, आणि मी ती तशीच भोकात परत ठेवून पहिल्या पुंगळीवर गोळी बसवायला घेतली.

तो शेजारी बसून बघत राहिला. तिसऱ्या रांगेपाशी मी आले तेव्हा त्याचा श्वास थांबला. मी गोळी बसवली. त्याने सुस्कारा सोडला, काम झालं असा.

मग मी नेहमीप्रमाणे सगळी काडतुसं तेलाच्या फडक्यात घोळून पुसली आणि डब्यात भरली.

व्हर्लिनने डबा ओढला. एक काडतूस उचललं, बूड बघितलं. दुसरं बघितलं. मग भराभर. त्याने त्या पुंगळीच्या बुडाला शाईचा ठिपका दिला होता, हे मला त्याच्या बोटांच्या घाईवरूनच कळलं. ठिपका माझ्या फडक्यात गेला होता.

"काय शोधतोस, बाळा?"

"काही नाही. छान झालीत."

"रोनाची आहेत. रविवारची."

"आई, हा डबा मला दे. मला सरावाला हवाय. रोनाला दुसरा भर."

"तुला दुकानातली चालतील. तुझा नेम कुठे लागतोय."

तिथेच बोलला असता तर संपलं असतं. नाही बोलला. बोलायचं म्हणजे कबूल करायचं की स्वतःच्या पोरीच्या डब्यात आपण काय ठेवलंय. रोज यायला लागला. कधी छपराचं पन्हाळं बघायला, कधी कुत्र्याला बघायला. डबा माझ्या एप्रनच्या खिशात असायचा. एकदा दुकानातला कोरा डबा घेऊन आला, म्हणाला रोनाने हा मारावा, महागातला आहे. मी त्याला ॲपल पाय वाढला आणि म्हटलं, "खा. वाळलायस. झोपत नाहीस का?" त्याचा काटा नुसता ताटलीवर वाजत राहिला. मी दुसरा तुकडा वाढला.

रविवारी सगळे मैदानावर. मैदान माझ्या जमिनीवर आहे, हे इथे सांगून ठेवते. रोना रेषेवर उभी राहिली. डबा उघडला, चाकात पाच काडतुसं घातली. व्हर्लिन मागे उभा होता आणि त्याच्या किल्ल्या हातात वाजत होत्या. होबार्ट आमचा पंच, माझ्याच वयाचा. त्याने तयारीचा पुकारा केला.

"रोना, खाली ठेव ते," व्हर्लिन म्हणाला.

तिने मान वळवली नाही.

"रोना, खाली ठेव. त्यात एक दुप्पट भरलेलं आहे. मी भरलं."

सगळी रेषा थांबली. त्याने सांगितलं, अडखळत, ठिपका आणि फडकं आणि सगळं. ग्लेंडा म्हणाली, "मी डोळ्यांची परीक्षा घ्या म्हटलं होतं. हे नव्हतं म्हटलं." नवऱ्याला वाऱ्यावर सोडायला तिला एक वाक्य पुरलं.

मी खुर्चीतून उठले. "ते मी त्याच दिवशी ओतून टाकलं. सुईला कळलं." आणि एप्रनमधून सुई काढून दाखवली.

मला वाटलं होतं लोक हसतील. व्हर्लिनला हसतील. कोणी हसलं नाही.

"तुला माहीत होतं?" रोना म्हणाली.

"पहिल्यापासून."

"आणि बाबा इतके दिवस मरत होते ते तू बघत होतीस."

"त्याने मला सांगितलं होतं का?"

"मला तरी सांगायचंस, आजी."

तिने चाक उघडलं, पाची काडतुसं डब्यात परत ठेवली आणि डबा माझ्याकडे सरकवला. "मी दुसऱ्याच्या हातची मारत नाही," ती म्हणाली. परक्याला सांगतात तसं, सौम्यपणे.

कोणी थोबाडीत मारली असती तर मी परत मारली असती. याला काय करायचं.

"आण इकडे," मी म्हटलं. "सगळा डबा मी मारते. बघा उभे राहून."

होबार्ट म्हणाला, "डेल्फी, आधी फोडून बघू. तासाभराचं काम आहे."

"होबार्ट, तू माझ्या जमिनीवर उभा आहेस. मागे हो आणि यांनाही मागे घे."

एमॉसचं रिव्हॉल्व्हर घेतलं, कानांवर झापडं लावली. लक्ष्य मला दिसत नव्हतं, डोंगर दिसत होता, तेवढा पुरे. पहिलं चाक रिकामं केलं. पाचच्या पाच खणखणीत. पुंगळ्या काढून बोटाने पुसल्या, बोट वर धरलं. साफ. दुसरं चाक भरलं. एक, दोन. तिसऱ्याला हाताला धक्का बसला नाही आणि मी तो हिशेबात धरला नाही. झापडांमधून आवाज कुठे ऐकू येतो. मी घोडा मागे ओढला आणि चाप दाबला.

रोना कधी पुढे आली ते मला दिसलं नाही. तिने घोड्याखाली अंगठा घातला. घोड्याचा टोकदार दात तिच्या अंगठ्यात रुतला आणि रिव्हॉल्व्हर उडालं नाही. मग दुसऱ्या हाताने माझं झापड सरकवून ती कानाशी म्हणाली, "सोड, आजी. नळीत गोळी अडकलीय. पुढची मारली असतीस तर नळी फाटली असती." रक्त माझ्या मनगटावर येत होतं. तिचा उजवा अंगठा होता.

ती पुंगळी मी उलटी केली होती आणि पुन्हा भरली नव्हती. बूट वाजले, मी हसत होते, आणि रिकाम्या पुंगळीवर गोळी बसवली. बुडाच्या टोपीच्या ठिणगीने ती जेमतेम नळीत ढकलली गेली होती. मग सुई पुन्हा कशाला फिरवायची? पकडलं होतं ना मी.

व्हर्लिनने पितळी कांब घालून गोळी ठोकून काढली आणि माझ्या तळव्यावर ठेवली. मी गोळीच्या बुडावर बोट फिरवलं. काजळी नाही, दाणा नाही. इतकी साफ गोळी माझ्या नळीतून कधी निघाली नव्हती.

टेबल त्याच आठवड्यात गेलं. दोघांनी उचललं, मी दारात उभी राहिले आणि त्यांना खोली झाडून जायला लावली. रोना राज्याच्या सामन्याला गेली नाही. अंगठा चिघळला होता, अंगठ्याशिवाय घोडा ओढता येत नाही.

उन्हाळ्यात ती एकटी आली. व्हरांड्यात उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, आता ती स्वतः भरते.

"कोणती बारूद घेतलीस?"

"तीच. तिसरी."

"व्हर्लिन काही बोलला नाही?"

"बोलले. मी तीच घेतली." मग म्हणाली, "आजी, ती सुई देशील का?"

सुई माझ्या खिशातच होती. हात आत गेला, खाच अंगठ्याला लागली.

"स्वतःची करून घे," मी म्हटलं.