अर्ध्या पुसलेल्या चौकड्या

केशवरावांच्या धंद्यात एक नियम होता, आणि तो कुणी कुठं लिहून ठेवलेला नव्हता. बोर्डावर चौकड्या दिसल्या की समजायचं, काम बाकी आहे.

मोठा बोर्ड रंगवायचा तर आधी पत्र्यावर फिक्का रंग देतात. तो वाळला की खडूच्या भुकटीत बुडवलेली दोरी ताणून फटकारतात, आडवी आणि उभी. त्या चौकड्यांच्या आधारानं हातभर चित्राचं भिंतभर चित्र होतं. शेवटी ओल्या फडक्यानं वरून खाली पुसत यायचं. चौकडी तशीच दाराबाहेर गेली, तर पेंटरची इज्जत गेली. नागपुरात असताना केशवरावांनी दुसऱ्यांच्या बोर्डांवर राहिलेल्या चौकड्यासुद्धा जाता जाता पुसल्या होत्या. आता कुवेतची लढाई संपून काही वर्षं झाली होती, आणि ते बहारीनला, तुबलीत लतीफच्या वर्कशॉपमध्ये तेच काम करत होते.

त्या दिवशी वर्कशॉपात एक भली मोठी पेटी आली. पाठवणारी रशीदा, अदलियातल्या चित्रांच्या गॅलरीची मालकीण. केशवरावांची सून भावना तिच्या ऑफिसात कामाला होती. अमेरिकेच्या व्हर्ना टॅगर्ट नावाच्या नामांकित चित्रकार बाईंचं प्रदर्शन दुसऱ्या दिवशी उघडायचं होतं, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या चित्राची लोखंडी फ्रेम बोटीवर वाकली होती. "माझे सासरे आहेत तिथं, जिवापाड जपतील," असा शब्द देऊन भावनानंच ते तुबलीला धाडायला लावलं होतं.

फोनवर ती म्हणाली, "मामाजी, लई मोठ्या बाईचं काम आहे जी. नीट करा. फ्रेम झाली की तुम्ही स्वतः घेऊन या."

पेटी उघडली आणि केशवराव हसायलाच लागले. आत चित्र कसलं, बोर्डच होता! पत्र्यावर रंगवलेली एक गोरी बाई, दात दाखवणारी, हातात पीचच्या फोडींचा डबा. हात कसबी होता, यात शंका नाही. कपाळ आणि डोळे साफ होते. पण नाकाखाली गाल, हनुवटी, गळा, सगळीकडे चौकड्या तशाच. आणि एका गालावरून एक फराटा थेट खालपर्यंत ओढत गेलेला.

"अरे लतीफ, पाहा तर. अर्धं पुसलं आणि गडी चहा प्यायला गेला!"

लतीफ फैसलाबादचा. वेल्डिंगची काच डोळ्यांवरून वर करून तो म्हणाला, "म्हणजे अमेरिकेतही तुझे भाईबंद आहेत, केशवराव."

फ्रेम जोडून झाली. केशवरावांनी फडकं ओलं केलं, पिळलं, आणि त्या अनोळखी माणसानं जिथं काम टाकलं होतं तिथून खाली पुसत आले. बाईचा चेहरा असा उजळला की त्यांना स्वतःलाच बरं वाटलं.

लतीफच्या गाडीतून पत्रा अदलियाला नेला, गॅलरीत भिंतीला टेकवला, वरचं कापड काढलं. भावना हसत पुढं आली आणि जागीच थांबली.

"मामाजी... रेघा कुठं गेल्या?"

"पुसल्या ना. राहून गेल्या होत्या."

भावना मटकन खाली बसली. बाईंची माहिती तिनंच टाईप केलेली होती, तिला सगळं तोंडपाठ होतं. तुटक तुटक शब्दांत तिनं सांगितलं. टॅगर्टबाई तरुणपणी न्यूयॉर्कला हेच काम करायच्या, इमारतींवर झुला टांगून बोर्ड रंगवायचं. जोडीला ओटिस नावाचा कारागीर. हा त्यांचा शेवटचा बोर्ड. ओटिस चौकड्या पुसत असताना झुला एका बाजूनं सुटला.

"आणि तो फराटा?" केशवरावांनी विचारलं. विचारतानाच त्यांना कळलं होतं.

"त्याचाच हात जी. पडताना घसरला तो."

ओटिस वाचला नाही. बाई त्यानंतर झुल्यावर चढल्या नाहीत. हा पत्रा त्यांनी मागून घेतला, घरी नेला. मग तशीच चित्रं काढत राहिल्या. टिनचे डबे, लिपस्टिक, टायर, साबण, सगळं भिंतीएवढं, आणि प्रत्येकावर अर्ध्या चौकड्या. लोकांनी त्याला पॉप आर्ट म्हटलं, म्युझियमांनी चित्रं घेतली. पण हा पत्रा त्यांनी कधी विकला नाही, की कुणाला त्यावर फडकं लावू दिलं नाही.

केशवरावांनी उजवा हात पाठीमागं धरला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

एवढ्यात रशीदा आली. पत्र्याकडं बघून तिनं एकच शब्द काढला, "खलास." मग भावनाकडं वळून म्हणाली, "तुझ्या शब्दावर पाठवलं होतं मी." भावनाचा व्हिसा गॅलरीचा होता. नोकरी गेली की तिला नवऱ्याला, उज्ज्वलला, इथं टाकून नागपूरला परतावं लागणार, हे तिघांनाही न बोलता ठाऊक होतं.

लतीफ दारात उभा होता. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "रडता काय? दोरी गाडीत आहे. केशवराव, तुझ्या हातचं काम आहे हे. मार चौकड्या, यल्ला, लवकर, बाई यायच्या आत!"

रशीदानं नाही म्हटलं नाही. भावनानं सासऱ्यांकडं पाहिलं.

दोरी आली. पत्र्याच्या कडेला जुन्या खुणा होत्या. त्यांवरून केशवरावांना डोळे मिटूनही चौकड्या मारता आल्या असत्या. पण तो फराटा? तो ओढायचा तर पडणाऱ्या माणसाचा हात आणायचा कुठून? त्यांनी तळवा गालाजवळ नेला आणि मागं घेतला. त्यांनी दोरी खाली टाकली.

"नाही होणार माझ्याच्यानं. पोरी, मला माफ कर."

"आता काय होईल मामाजी?"

"जे होईल ते. मी सांगतो बाईला."

सांगायची वेळच आली नाही. टॅगर्टबाई दारात उभ्या होत्या. उंच, वाळकी म्हातारी, कॅनव्हासचे बूट घातलेली. त्यांनी पत्रा पाहिला. ओरडल्या नाहीत. तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि एक हात भिंत चाचपू लागला. रशीदानं खुर्ची पुढं केली, ती त्यांना दिसलीच नाही.

मग त्यांनी विचारलं, "कुणी?"

केशवराव पुढं झाले. "मी. बोर्ड पेंटर. वाटलं, राहून गेलं असेल." भावनानं ते इंग्रजीत सांगितलं.

"वरून खाली पुसलं?"

"हो."

"दोघांचं काम असतं ते," बाई म्हणाल्या. "एक पुसतो, दुसरा झुल्याचा दोर धरतो. त्या दिवशी दोर मी धरायचा होता. मी उशिरा पोचले. तो थांबला नाही."

भावना हे मराठीत सांगता सांगता अडखळली. हे तिनं टाईप केलेल्या माहितीत नव्हतं.

बाई पत्र्याच्या अगदी जवळ गेल्या. "हिची हनुवटी मी विसरले होते," त्या म्हणाल्या. मग रशीदाकडं वळल्या. "हे आता माझं चित्र नाही. पीचची जाहिरात आहे. जाहिरात घरात लावत नसतात. बाहेर लावा, रस्त्याकडं तोंड करून."

"बाहेर? या उन्हात? मॅडम, जगातली म्युझियमं हे मागत होती!"

"पुसलेलं नव्हतं तेव्हा."

रशीदानं शिडी आणायला माणूस पाठवला. मग भावनाला म्हणाली, "उद्या लवकर ये. सगळी माहिती पुन्हा टाईप करावी लागेल." भावनानं तोंडावर पदर दाबला.

शिडी आणली, बाहेरच्या भिंतीला लावली. वर चढायला केशवरावच निघाले. दुसऱ्या कुणाला ते काम द्यायला त्यांचं मन घेईना. लतीफ शिडी धरायला पुढं आला, तर बाईंनी त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि स्वतः दोन्ही हातांनी शिडी आवळून धरली.

"मॅडम, मी धरतो ना," लतीफ म्हणाला.

"मफी," बाई म्हणाल्या. बहारीनला येऊन 'नाही' म्हणायचा एवढा एकच अरबी शब्द त्या शिकल्या असाव्यात.

केशवरावांनी दोरानं पत्रा वर ओढून घेतला, एकेक बोल्ट आवळला. खालून बाईंचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण काम करणाऱ्याला काय सांगतात ते कुठंही सारखंच असतं: हळू, डावीकडं, खाली बघू नका. ते उतरले. दोन्ही पाय जमिनीला लागले, तरी म्हातारीनं शिडी सोडली नव्हती.