चारी बाजूंनी दर्या

दरसाल शिमग्याला महिपत मुंबईहून रत्नागिरीकडच्या पालीजवळ आपल्या वाडीत यायचा आणि ओटीवर बसून मुंबई सांगायचा. मुंबई म्हणजे बेट, चारी बाजूंनी दर्या. त्यामुळे थंडी बोचत नाही आणि ऐन वैशाखातही संध्याकाळी असा वारा सुटतो की माणूस घोंगडी शोधतो. नवख्याने कुठे उतरावं, कुठे हवा खावी, सारं त्याला तोंडपाठ. चाकरमानी म्हटला की बढाया आल्याच. पण त्याच्या बायकोला, तुळसाला, त्यातला शब्दन् शब्द खरा वाटायचा.

या खेपेला तो आला तो खोकतच. पालखी नाचवायलाही उठला नाही. पालीच्या वैद्याने नाडी पाहिली नि सांगितलं, "छाती कोंडलीय. मोकळी हवा हवी, समुद्राची."

तुळसाच्या जिवात जीव आला. महिपत मात्र घुटमळला. "औंदा पावसाळाभर हितंच ऱ्हातो म्हणतो."

तुळसा म्हणाली, "हितं कुठला आलाय दर्या? मुंबैला चारी बाजूंनी हाय, तुमीच सांगता ना?"

ओटीवर सारी वाडी बसली होती. इतकी वर्षं सांगितलेलं आता कोणत्या तोंडाने गिळायचं? महिपत "होय" म्हणाला आणि शिमगा उलटताच बोटीने गेला.

मिरगाआधी बोटी बंद झाल्या. तुळसाने एकटीने लावणी उरकली, पण कुरकुर केली नाही. त्यांना वारा लागतोय, एवढं तिला पुरत होतं.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला आणि दुसऱ्या दिवशी पहिली बोट आली. धनी घरी येईल म्हणून तुळसा पहाटेच निघून रत्नागिरीच्या बंदरावर पोचली. बोटीवरची माणसं किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून उतरला भागोजी, महिपतचा खोलीतला सोबती. डोक्यावर महिपतची ट्रंक होती.

"पुनवेच्या आदल्या दिवशी गेला, वयनी. कळवायलाबी येळ नाय मिळाला."

तुळसाने ट्रंक वाळूवर उतरवून घेतली. मग तिने ती उघडली. सदरा, धोतर, कोट, सगळ्यांवर हिरवट बुरशी चढली होती.

"एवढा वारा, नि कापडांना बुरशी कशी, भावजी?"

"कंचा वारा? खोली गिरणीच्या मागं, खिडकी नाय. पावसात जमिनीतनं पाणी वर येतं. दर्या त्यानं बघितला तो येता-जाता, बोटीतनंच."

तुळसाने एकेक कपडा झटकून वाळूत पसरला. सदरा वाऱ्याने फडफडून उडू लागला, तशी तिने त्याच्यावर दगड ठेवला. महिपतला घराबाहेर तिनेच काढलं होतं. आणि दर्या तर हा इथेच होता, वाडीपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर.