माळावरचं कुसळ

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात इस्तारीची तिसरी बकरी मेली. सोलायला बसला आणि हातातली सुरी टाकून तो मागे सरकला. बरगड्यांवरच्या मांसात काळ्या सुया रुतल्या होत्या. कातड्यावर मात्र धड जखमही दिसत नव्हती.

"मूठ मारली कोनीतरी," शेजारचा मुखरू हळूच म्हणाला.

कोणी, हे विचारायची गरज पडली नाही. थोड्याच दिवसांआधी इस्तारीच्या बकऱ्यांनी गोकुळाचं लाखोरीचं वावर चरून टाकलं होतं. गोकुळा टोल्याच्या, त्या छोट्या वस्तीच्या, टोकाला एकटी राहायची. नवरा गेल्यापासून माळावरचं गवत कापून छपरांसाठी विकायची. त्या दिवशी बांधावर उभी राहून ती ओरडली होती, "मरतीन तुह्या बकऱ्या, इस्तारी!"

संध्याकाळी पिंपळाखाली माणसं जमली. गोकुळालाही बोलावलं. तिने सुई हातात घेतली, निरखली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"अरे, हे त कुसळ आहे! गवताचं बी. दव पडलं का याचा पीळ सुटते, ऊन तापलं का पुन्हा पडते. असं फिरत फिरत मातीत घुसते अन् रुजते. उलटे केस असते याले, मांगं येत नाई. बकरीच्या केसायत अटकलं त माती समजून कातड्यातच घुसते."

मुखरूने अविश्वासाने मान हलवली.

"थांबा, दाखोतो."

लुगड्याला अडकलेलं एक कुसळ काढून तिने तळहातावर ठेवलं आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडला. जरा वेळ काहीच झालं नाही. मग त्याची लांब शेपटी थरथरली आणि आपोआप गोल फिरू लागली.

बाया मागे सरल्या. एकीने लेकराचे डोळे झाकले.

"जित्तं केलं!" म्हातारा झिंगू ओरडला. "सगळ्यायच्या समोर जित्तं केलं तिनं!"

"माह्या हातानं नोको, तुमच्या हातानं पाहा ना," गोकुळा हात पुढे करून म्हणाली. "इस्तारी, तू पाह्य."

इस्तारी सगळ्यात जवळ उभा होता. त्याने मान खाली घातली.

घरी आल्यावर त्याच्या बायकोने, कुंताने, त्याच्या धोतरातलं कुसळ काढून पाट्यावर ठेवलं आणि त्यावर पाणी शिंपडलं. ते फिरलं.

"आवो, माह्याबी हातानं फिरते! सांगा ना सगळ्यायले."

इस्तारीने उघड्या दाराकडे पाहिलं. "सांगू? मंग तुलेबी तेच म्हनतीन."

कुंताने उठून दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी माणसांनी गोकुळाच्या झोपडीचं छप्पर उतरवलं. तिच्या अंगाला मात्र कुणी हात लावला नाही. तेवढी हिंमत कुणात नव्हती. भावाच्या गावी निघालेली गोकुळा, डोक्यावर गाठोडं घेऊन, इस्तारीच्या दारात थांबली.

"गवत झडेपर्यंत बकऱ्या माळावर नेऊ नोको. तलावाकडे चार."

दुसऱ्या दिवसापासून तो बकऱ्या तलावाकडेच नेऊ लागला. त्यानंतर त्याची एकही बकरी मेली नाही.

"पाह्यलं? ते गेली अन् बकऱ्या वाचल्या," झिंगू सांगत सुटला. इस्तारी होकारार्थी मान हलवायचा.

एकदा विहिरीवर हाच विषय निघाला. "तसं नाई ना..." कुंताच्या तोंडून निघालं. सगळ्या बाया बोलता बोलता थांबल्या आणि तिच्याकडे पाहू लागल्या.

कुंताने अर्धीच भरलेली घागर उचलली आणि ती घराकडे चालू लागली.