डोंगरावरच्या मुंग्या

अपेक्षाला मुंग्यांचा भारी राग होता. साखरेच्या डब्यातल्या नव्हे, चित्रातल्या. उजेड कमी पडला की व्हिडिओच्या काळ्या भागात बारीक ठिपक्यांची वळवळ सुरू होते, त्या वळवळीला, ती कामाला होती त्या पिरंगुटच्या स्टुडिओत, सगळे मुंग्याच म्हणत. आणि त्या पुसण्यात जिंतूरहून आलेल्या या सव्वीस वर्षांच्या मुलीचा हात धरणारं पौड रस्त्यावर कोणी नव्हतं. मालक हैबतराव गिऱ्हाइकाला छातीठोक सांगायचे, "आमच्या अपेक्षाकडं द्या, चित्र धुऊन वाळत घातल्यासारखं करून देते." हे ऐकून बाईसाहेब फुगायच्या. फुगावं, कामात हुशार माणूस फुगतोच. पण फुगलेल्या माणसाला दुसऱ्याचं बोलणं जरा कमी ऐकू येतं.

२००८ सालचा एप्रिल. रविवारी मुळशी धरणाच्या काठावर एका रिसॉर्टच्या हिरवळीवर लग्नाचं रिसेप्शन होतं. नवरीचा भाऊ दिग्विजय बुधवारी अमेरिकेला परत निघणार होता, म्हणून त्याला दोन दिवसांत सीडी हवी होती. स्टुडिओचा कॅमेरामन नथू डोंगरातल्या वाडीचा. त्यानं एक कॅमेरा स्टँडवर पाण्याकडं तोंड करून लावून दिला होता. पुढं स्टेज, मागं पाणी, पाण्यापलीकडं उभा सोंडकडा. दिवस मावळला तसा नथूनं कॅमेऱ्याचा गेन, म्हणजे अंधारातही उजेड ओढायची ताकद, वाढवला, आणि सोंडकडाभर मुंग्याच मुंग्या झाल्या.

सोमवारी अपेक्षानं त्या एका दिवसात निपटल्या. तिच्याकडं एक नवं सॉफ्टवेअर आलं होतं. ते प्रत्येक चित्र मागच्या-पुढच्या चित्रांशी ताडून बघायचं. जे सगळीकडं सारखं असेल ते ठेवायचं, जे क्षणभर चमकून गेलं ते कचरा समजून टाकून द्यायचं. घाई होती, म्हणून तिनं त्याची कमी-जास्त करायची पट्टी सरळ शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली. मग रंग. हॅलोजनचा पांढराफटक उजेड हळदीवर आणला, पाणी निळं केलं, कडा काळाकुळकुळीत. संध्याकाळी हैबतरावांनी खुर्ची ओढून पाहिलं आणि म्हणाले, "वा! परदेशातलं वाटतंय." तिला त्या रात्री छान झोप लागली.

मंगळवारी अकराच्या सुमाराला नथू दोन माणसांना घेऊन आला. बाई चाळिशीची, चप्पल दाराबाहेर काढून भिंतीला टेकून उभी राहिली. ती सखू, नथूच्याच वाडीतली. सोबत तिचा दीर गोरख.

"म्याडम, जरा काम हाय," नथू म्हणाला. "हिचा मालक, बारकूदादा, ऐतवारी दुपारी मध काडाया गेलाय. अजून न्हाई आला."

"परवापासून?" अपेक्षा उठलीच.

"एक रात कवा कवा ऱ्हातो त्यो रानात," सखू म्हणाली. "म्हून सोमवार वाट बघण्यात गेला. आता दुसरी रात गेली."

गोरखनं सांगितलं ते असं. आग्या मोहळं दोनच ठिकाणी आहेत, एक सोंडकड्यावर आणि दुसरं पाठीमागच्या दरीत. बारकू कुठं गेला ते कोणालाच ठाऊक नाही. एरवी दोर धरायला गोरख असतो, पण रविवारी त्याला लग्नात रोजावर काम मिळालं होतं. वाडीत आता चढणारे गडी सहाच, आणि दोन्ही जागा दोन टोकांना. एका बाजूला गेलं की दोन दिवस तिकडचेच.

"माश्यास्नी धुरी द्याला त्याच्यापाशी कारवीच्या चुडी असत्यात," सखू सांगू लागली. "अडकला तर चूड पेटवून हलवणार. तीनदा हलवतो, मग थांबतो. आमच्यात सगळे तसंच करत्यात. पर कड्याचं त्वांड धरणाकडं. वाडीतनं न्हाई दिसत, निसतं त्या हाटेलाच्या काठावरनं दिसतं, आन तितं एरवी आमास्नी आत सोडत न्हाईत. त्या सांजंला आमी समदी तितंच व्हतो गं. मी भांडी घासत व्हते, कड्याकडं पाठ करून. वर ते दिवं डोळ्यावर. कोण बघतंय?"

"पर कॅमेरा बघत व्हता," नथू म्हणाला.

अपेक्षाला खरोखर कळवळा आला. तिनं घाईनं तयार झालेलं चित्र लावलं आणि कडा पडदाभर मोठा केला. दिवस मावळल्यापासून टेप संपेपर्यंत चौघं डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. कड्यावर काही नव्हतं. पाटीवर हात फिरवावा तसा तो स्वच्छ होता.

"काईच न्हाई," गोरख म्हणाला. "म्हंजी दरीतच."

सखू मात्र पडद्यापासून हलेना. "ह्ये लईच गुळगुळीत दिसतंय. कडा असा न्हाई आमचा. हे तुमी काय केलंय व्हय?"

"साफ केलंय मावशी. आधी नुसत्या मुंग्या होत्या."

"मग आदीचं दाखवा की."

"आधीच्यात काहीच समजत नाही हो. त्याच्यापेक्षा हे चांगलं आहे. यात दिसत नाही म्हणजे नाहीच."

"तरी बी. एकदा."

जुनी फाइल तिथंच होती. लावायला दोन मिनिटं लागली असती. पण दिग्विजयचा माणूस सीडी न्यायला बाराला येणार होता, आणि खरं सांगायचं तर आपल्या कामावर विश्वास न ठेवणारं माणूस अपेक्षाला खपत नसे. "मावशी, उगाच वेळ जाईल. तुम्ही दरीकडं निघा, उजेड आहे तोवर," ती म्हणाली. तिला ते त्यांच्या भल्याचंच वाटत होतं. गोरखनंही वहिनीला हाताला धरून बाहेर नेलं. नथूही त्यांच्याबरोबर दोर घेऊन गेला.

बुधवार गेला. नथूचा फोन लागत नव्हता, दरीत रेंज कुठली. गुरुवारी दुपारी अमेरिकेहून दिग्विजयचा फोन आला, उतरल्या उतरल्या.

"मॅडम, ताईचा चेहरा मेणाचा दिसतोय! बाहुलीसारखा. जरा नॅचरल करा ना."

बरोबरच होतं त्याचं. पट्टी इतकी ताणल्यावर कातडीसुद्धा पुसली गेली होती. अपेक्षानं मूळ फाइल उघडली आणि पट्टी हळूहळू मागं आणायला घेतली. नवरीचा गाल पुन्हा गालासारखा दिसू लागला. मागं, सोंडकड्यावर, एकेक मुंगी परत येऊ लागली.

मुंगीला ठिकाण नसतं. इथं चमकते, विझते, दुसरी दुसरीकडं चमकते. अपेक्षानं चार वर्षं तेच पाहिलं होतं, म्हणून तिला चटकन खटकलं. कड्याच्या मध्याच्या जरा खाली एक ठिपका जागा सोडत नव्हता. डावीकडं, उजवीकडं. डावीकडं, उजवीकडं. डावीकडं, उजवीकडं. मग काही नाही. मग पुन्हा तीनदा.

खाली डीजे दणदणत होता, पोरं नाचत होती, नवरीचा मामा नोटा ओवाळत होता. वर तो ठिपका अकरा मिनिटं हलत होता. शेवटी शेवटी सावकाश.

एक वाईट विचार आला, तो लपवण्यात अर्थ नाही: ही फाइल पुसली तर कोणाला कळणार आहे? आला आणि गेला. तिनं मूळ टेप कॅमेऱ्यात घातली, कॅमेरा पिशवीत टाकला आणि नाक्यावरून सुटणाऱ्या जीपमध्ये माणसं कोंबली होती त्यात स्वतःलाही कोंबलं. पौड गेलं, मुळशी आलं. तिथून वाडीपर्यंत तासाची चढण ती धापा टाकत चढली.

सखू ओट्यावर बसली होती. चुलीत जाळ नव्हता. अपेक्षानं काही न सांगता कॅमेऱ्याची तळहाताएवढा पडदा उघडला आणि टेप चालू केली. कुठं बघायचं तेही सांगितलं नाही.

सखूला अर्ध मिनिटही लागलं नाही. एवढ्याशा काचेवर, त्या सगळ्या मुंग्यांच्या वारुळात, तिनं बोट बरोबर तिथं ठेवलं.

"ह्यो हाय. उजवीकडं जास्ती जातोय बघ. डाव्या खांद्यात दुखतंय त्याच्या."

मग ती उठली आणि दरीच्या दिशेनं अशी हाक मारत सुटली की अपेक्षाला कानांवर हात ठेवावेसे वाटले.

गडी दरीतून वर येईपर्यंत दिवस कलला होता. अंधारात कड्यावरून दोर सोडणं शक्य नव्हतं. नथूनं रिसॉर्टच्या राखणदाराला कसंबसं पटवलं आणि सगळे त्या हिरवळीवर, पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. आज हॅलोजन नव्हते. पलीकडं सोंडकडा हळूहळू काळा होत गेला. गोरखनं एक चूड पेटवून तीनदा हलवली, थांबला, परत हलवली. सगळे बघत राहिले. कडा तसाच, काळाकुळकुळीत, एकही ठिपका नसलेला, अपेक्षानं सोमवारी केला होता अगदी तसा. ती लॉनच्या कडेला जाऊन बसली.

शुक्रवारी सकाळी बारकूला झोळीतून खाली आणलं. दोर तुटून तो कपारीत पडला होता, मांडीचं हाड मोडलेलं. कपारीत पाण्याचा पाझर होता. पौडच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, जीव जाऊन दीड दिवस झाला असेल. गोरखनं कपारीतून जळक्या चुडींची थोटकं आणली होती, ती त्यानं ओट्यावर ओळीनं ठेवली. तीन पूर्ण जळालेली, चौथी अर्धीच.

"रोज सांजंला एक लावली त्यानं," तो म्हणाला. "ऐतवार, सोमवार, मंगळवार. बुधवारी ही." त्याच्या आवाजात राग नव्हता, तो नुसता हिशेब लावत होता. "मंगळवारी दुपारीच कड्यावर गेलो असतो तर जित्ता घावला असता."

अपेक्षा ओट्याखाली उभी होती. तिनं हात जोडले. "मावशी, मला वाटलं… मला खरंच माहीत नव्हतं हो. त्यात काही असेल असं वाटलंच नाही."

सखूनं तिच्याकडं पाहिलं.

"तुला कसं म्हाईत असंल, पोरी," ती म्हणाली. "तू काय त्याला वळखत व्हतीस? पर मी वळखत व्हते. मी मागितलं व्हतं ना गं तुज्याकडं. दोनदा मागितलं व्हतं."

बायका आत पाणी तापवत होत्या, कोणीतरी सखूला आत बोलावलं, आणि ती उठून गेली.